कचरू हाय का?

१

नळाला पाणी येईना आणि नव्या घरांचं बांधकाम थांबेना, अशा दिवसांत पुंडलिकनगरच्या एका गल्लीत तीन माणसांचं घर होतं. एक मुक्ताबाई, दुसरा तिचा एकुलता लेक मंदार, आणि तिसरी त्याची बायको वैदेही, माहेर मुकुंदवाडीचं. चौथं माणूस वैदेहीच्या पोटात होतं, सातव्या महिन्यातलं. आदल्या वर्षी एक पोटातच गेलं होतं. म्हणून या चौथ्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही; पण चहा ठेवण्यापासून केर काढण्यापर्यंत घरातलं सगळं त्याच्याकडं तोंड करूनच चालायचं.

डॉक्टरीणबाईंनी वैदेहीला जिना आणि गाडी बंद केली होती, आणि कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ टेबल, टेबलावर दोन कॉम्प्युटर. एकावर लिहायचं, दुसऱ्यावर लिहिलेलं चालवून बघायचं.

काम काय, ते सासूला समजेल असं तिनं एकदा सांगितलं होतं. कॉम्प्युटरच्या आत सगळ्यांच्या तळाशी कर्नल म्हणून एक असतो. घरात सासू असते तसा. कुणाला कधी पुढं बोलवायचं, कुणाला किती जागा द्यायची, कुणी कुणाच्या ताटात हात घालायचा नाही, हे सगळं तो बघतो. त्याच्या हाताखाली एक जण नुसता नजर ठेवायला बसलेला: कोण किती राबलं, वेळ कुठं गेला, कोण ताटकळलं. पूर्वी तो मोजायचा तेवढं, म्हणून त्याचं नाव होतं काउंटर. पुढं तो हुशार झाला, काय घडलं तेही सांगायला लागला, तेव्हा वरच्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं इव्हेंट. नाव बदललं की झालं, असं बारसं करणाऱ्याला वाटतं. पण जुनं नाव घरभर सांडलेलं राहतं, ते कुणीतरी झाडून काढावं लागतं. ते झाडणं वैदेहीकडं आलं होतं.

"म्हंजी दिवसभर एकच शबुद पुसत बसती व्हय गं?" मुक्ताबाई म्हणाली.

"व्हय आई."

"मंग ओलं फडकं देऊ का? लवकर हुईल."

वैदेही हसली. काम सरत आलं होतं. सगळ्यात शेवटी एक पाटी काढायची होती. जुने प्रोग्राम जुन्या नावानं विचारत आले तर त्यांची वाट चुकू नये, म्हणून जुन्या नावाची ती पाटी मुद्दाम ठेवलेली. पाटीमागं कुणी बसलेलं नव्हतं. ती नव्या दाराकडं बोट दाखवायची, बस. आता सगळे नवं नाव शिकले होते.

२

जुनं नाव त्या घरातही होतं.

मंदार जन्मला तेव्हा माणसं करमाडला राहत होती. त्याच्या आधीची दोन लेकरं मुक्ताबाईनं आपल्या हातानं मातीत ठेवली होती. तिसरं झालं तेव्हा तिच्या सासूनं रीत केली. पोरगं सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि आईनं ते पसाभर कोंडा देऊन विकत घेतलं. नाव ठेवलं कचरू. उकिरड्यावरचं सापडलेलं, कुणाच्या नजरेत भरण्यासारखं नाही, न्यायला आलेल्यानं बघून सोडून द्यावं असं. पोरगं जगलं.

पण शाळेत गेलं आणि नाव टोचायला लागलं. कॉलेजात पोरं हॉस्टेलच्या केराची बादली त्याच्या खोलीपुढं आणून ठेवायची: "कचरू, तुझं सामान आलं बघ." नोकरी लागल्याबरोबर त्यानं रीतसर नाव बदललं. बाप सर्जेराव तोवर गेले होते. शेंद्र्याकडं कारखाने आले, जमीन गेली, त्यातून हे घर उभं राहिलं, तेव्हा दारावर मंदारच लागलं. आईची जीभ तेवढी घसरायची. "कच... मंदार, जेवाया ये." मग तीही सरावली.

घरात जुनं नाव आता एकाच ठिकाणी होतं. बारशाला मामानं दिलेल्या तांब्याच्या हंड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं: चि. कचरू सर्जेराव. बाळ यायच्या आत तेही जावं, असं मंदारनं मनात घेतलं. भांड्यांवर नावं घालणारा बोलावला, आणि नाव घालायच्या ऐवजी आहे ते त्याच्याकडून घासून घेतलं. यंत्र किर्रर्र करत फिरलं. मुक्ताबाईनं पदरानं हंडा पुसला, उन्हात फिरवून बघितला.

"कसं दिसतंय?" मंदारनं विचारलं.

"सपाट दिसतंय," ती म्हणाली.

त्याच दुपारी, आत टेबलापाशी बसून, वैदेहीनं ती पाटी काढली.

३

पाटी काढताना तिनं एक सापळा लावून ठेवला होता. यापुढं कुणी जुन्या नावानं विचारत आलं तर त्याला "असं इथं कुणी नाही" असं उत्तर जाईल, आणि कोण आलं होतं ते पडद्यावर उमटेल. ही त्या कामाची रीतच. कुणी यायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर पडद्यावर ओळ उमटली.

वैदेहीला बरं वाटलं. एखादा म्हातारा प्रोग्राम राहून गेला असणार. यंत्रात चालणाऱ्या प्रत्येकाला नंबर असतो. तिनं नंबर बघितला. शून्य.

ती पुढं सरकून बसली. शून्य नंबर कुणा प्रोग्रामचा नसतो. यंत्राला काहीच काम नसलं की जो मोकळ्या जागेत बसून राहतो, त्याचा तो नंबर. तो कुणाला बोलवत नाही, काही मागत नाही. त्याचं काम एकच, बसणं. आणि त्यानं उठून विचारलं होतं, काउंटर आहे का?

"सापळाच चुकलाय तुझा," बंगळूरचे साहेब फोनवर म्हणाले.

तिनं सापळा सोडवला, दुसऱ्या तऱ्हेनं बांधला. पुन्हा दुपारी, गल्ली निजलेली असताना, तीच ओळ. पुन्हा शून्य. मिळालेलं उत्तर: असं इथं कुणी नाही.

तिला भीती वाटली नाही. उलट रुचकर काहीतरी जिभेला लागावं तसं झालं. ती जेवणाआधीच टेबल आवरून ठेवायला लागली, ओळ उमटताना बघायला मिळावी म्हणून. आणि टक लावून बसली म्हणूनच तिच्या दुसरं एक लक्षात आलं. ओळ उमटायची त्याच्या जराशी आधी अंगणाच्या फाटकाची कडी वाजायची. उघडल्याची वाजायची. लागल्याची कधीच नाही.

वारा असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण त्या दिवसांत वारा नव्हताच. शेवग्याचं पान हलत नव्हतं.

४

मुक्ताबाई दुपारची ओसरीवर बसून ज्वारी निवडायची. एक दिवस कडी वाजली, आणि वैदेहीला आत टेबलापाशी आवाज ऐकू आला.

"कचरू हाय का?"

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, तरण्याचाही नव्हता. लांबून चालत आलेल्या माणसाचा, दमलेला, पण अदबीचा. परत जायची घाई नसलेला.

मुक्ताबाईनं सुपातून मान वर केली असेल नसेल. "हितं कुणी कचरू नाय," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर न थांबता, गल्लीत ऐकू जाईल असं म्हणाली, "कवाच नव्हता. हे मंदारचं घर हाय."

पडद्यावर ओळ उमटली.

वैदेही पोट सावरत दारात आली. फाटक उघडं. गल्लीत पाण्याच्या रिकाम्या ड्रमांची रांग आणि सावलीला पडलेलं एक कुत्रं. ऊन असं की रस्ता पांढरा दिसत होता.

"कोण होतं, आई?"

"करमाडचं असंल कुणी. जुन्या वळखीचं."

"पण दिसलं कोण?"

मुक्ताबाईनं सूप पाखडलं. बराच वेळ पाखडलं. "उनात डोळं दिपलं बाई," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "सावली काय दिसली नाय मला त्येची. लक्ष नसंल माझं."

"एकदम अशी ओ देऊ नये म्हणता ना तुम्ही दुपारच्या हाकेला? दुसरी हाक येऊ द्यावी?"

"ते आडरानात," मुक्ताबाई म्हणाली. "शहरात कोण पाळतं?"

त्या दिवसापासून पडद्यावरचं बदललं. शून्य नंबराचा तो आता जुन्या नावानं विचारत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, की तसं इथं कुणी नाही. तो आता पाटी जिथं होती तिच्या आजूबाजूच्यांना हात लावून बघत होता. याला उघडून बघ, हा नाही. त्याला उघडून बघ, तो नाही. आंधळ्यानं चेहरे चाचपावेत तसं, रोज थोडं पुढं.

५

आणि बाळ त्या वेळेला थांबायचं.

एरवी ते पोटात दंगा घालायचं. सासू म्हणायची, पोटात कुस्ती लावलीया. पण कडी वाजली की सगळं बंद. पोटात काही नाहीच, असं. मग थोड्या वेळानं एक लाथ, सावकाश, झोपेतून उठल्यासारखी. पहिल्यांदा वैदेहीला ते योगायोगाचं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंही दुपारची झोपतात हो," आणि ठोके ऐकवले. ठोके ठणठणीत.

पण ते थांबणं रोज लांबत होतं. ते मोजायला वैदेहीला घड्याळ बघायची गरज नव्हती. पहिल्यांदा भांडं विसळेपर्यंत, मग कुकर थंड होईपर्यंत.

ती बुद्धीची मुलगी. तिनं मनाशी तर्क मांडला: कडी वाजते, मी दचकते, मी श्वास धरते, म्हणून बाळ थांबतं. म्हणून एका दुपारी तिनं कानात बोळे घातले आणि पडद्याकडं पाठ करून बसली. हात पोटावर. मुलगा की मुलगी, जे असेल ते चांगलं हातपाय झाडत होतं. मग थांबलं.

तिनं मान वळवली. ओळ नुकती उमटली होती.

आज तो कुणापाशी पोचला होता, ते तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. यंत्रात काही जागा अशा असतात की त्या दिलेल्या असतात, आत कुणीतरी असतं, पण त्याला अजून नाव दिलेलं नसतं. नावं असलेले सगळे त्यानं बघून संपवले होते. आता तो बिननावाच्यांपाशी आला होता. एकेकाला उघडून बघत होता. आणि यातल्या एकालाही "तो मी नाही" असं सांगता येत नव्हतं.

वैदेहीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. आत काहीच हलत नव्हतं. बाहेर, ओसरीवरून नाही, खिडकीच्या अगदी लगत, कुणीतरी श्वास सोडला.

६

"तू दिवसभर घरात बसून असतेस, त्यातनं होतं हे," मंदार म्हणाला. "साहेबांना सांग, काम दुसऱ्याला द्या."

"काम दिलं तरी फाटक इथलंच वाजणार आहे."

"म्हणजे मी परत कचरू व्हायचं? बाळाच्या बापाचं नाव काय, तर कचरू?" त्याचा आवाज चिरकला. "तुला हसायला काय जातं. केराची बादली तुझ्या दारात नाही आली कधी."

"मी हसले का?"

"मंदार," आई म्हणाली. "मी म्हणलं रं त्येला, कवाच नव्हता म्हणून." तिनं पदर तोंडाला लावला. "दोन गेली तवा त्यो नाव न इचारता आला हुता. तुज्या येळेला नाव सांगितलं, तवा बघून गेला. आता मीच सांगितलं, नाय म्हणून. तर त्यो काय करंल? मोकळ्या हातानं जाईल व्हय?"

"आई, तू पण?"

वैदेही बोलली ती कामाबद्दल बोलावं तशीच बोलली. "तुला ते नाव घ्यायचं नाही, मंदार. नाव नुसतं ठेवायचं आहे. पाटी लावायची, मागं कुणी बसवायचं नाही. मी चूक केली ती ही, की विचारणारा उरलाय का ते नीट न बघता पाटी काढली. विचारणारा आहे तोवर त्याला एक दार हवं. मागं रिकामं असलं तरी चालतं. असलं तरच बरं."

मंदार बाहेर गेला. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. दुपारी बायकोशेजारी जमिनीवर बसला, हात तिच्या पोटावर ठेवून. बाळानं बापाच्या तळव्याला लाथ घातली, तो हसला. "कसलं गं हे! बैल आहे." मग कडी वाजली.

तो हात तसाच ठेवून बसला. बसून राहिला. त्याच्या ओठांवरचं हसू जाईना, कारण ते पुसायचं त्याला सुचेना. ओसरीवर मुक्ताबाईनं निवडायचं थांबवलं. घरात कुणी श्वास घेत नव्हतं असं वाटावं, इतकी ती दुपार मोठी झाली.

शेवटी तळव्याखाली काहीतरी सरकलं, माशासारखं, लांबून.

मंदार उठला, हातोडी आणि खिळा घेऊन मागच्या अंगणात गेला.

७

घरामागं जमिनीत पाण्याचा हौद होता. बांधला तेव्हा त्यात आठवड्याचं पाणी मावायचं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी तो तळाला गेला, दुसऱ्या वर्षी वाळला. टँकरचं पाणी ड्रमातच राहायचं, हौदापर्यंत काही पोचायचं नाही. त्याच्या लोखंडी झाकणावर मंदारनं गुडघे टेकून, ठिपका ठिपका मारत, आपलं जुनं नाव कोरलं. कचरू. अक्षर सुबक आलं. आईनं हळद-कुंकू वगैरे काही लावलं नाही. "पाव्हणा न्हवं त्यो," एवढंच म्हणाली. झाकण त्यांनी अर्धं सरकवून उघडं ठेवलं.

आत वैदेहीनं पाटी परत लावली. या खेपेला तिच्यामागं नवं दार नव्हतं. एक रिकामी खोली होती. जुन्या नावानं कुणी विचारलं तर "आहे" म्हणायचं. किती राबला विचारलं तर शून्य. किती उरला विचारलं तर शून्य.

दुपार झाली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली. तिथून हौद दिसायचा. मंदार म्हणाला, तू नको बघू. ती म्हणाली, मी नाही तर कोण बघणार.

कडी वाजली.

या खेपेला हाक आली नाही. त्याला आता विचारायची गरज उरली नव्हती, म्हणून असेल. बाळ थांबलं.

तेव्हा मुक्ताबाई ओसरीवर उठून उभी राहिली आणि उन्हाकडं बघत, सोयऱ्याला सांगावं तसं म्हणाली, "कचरू इचारत हुता न्हवं तुमी? हाय. चुकलं माझं. मागं हाय त्यो, घराच्या मागं."

घराच्या उजव्या बोळातून काही गेलं असेल, तर ते वैदेहीला दिसलं नाही. बोळातला दोरीवरचा टॉवेल हलला नाही. मागच्या अंगणात धुळीचा थर होता, त्यावर पाऊल उमटलं नाही. झाकण होतं तसं होतं. तिला वाटलं, हे सगळं आपण मनानं रचलं. पोटात बाळ उगाच झोपलंय. आता ते उठेल आणि मी या दोघांची माफी मागेन.

मग झाकणाच्या काठावर आतून बोटं आली.

चार बोटं. मातीच्या रंगाची, फार लांब. त्यांनी काठ चाचपला, कोरलेल्या ठिपक्यांवरून एकदा फिरली, सावकाश, वाचत असल्यासारखी. आणि थंडीत माणूस वाकळ अंगावर ओढून घेतो, तसं ते जड झाकण आतल्यानं आपल्यावर ओढून घेतलं.

लोखंड जागेवर बसल्याचा आवाज झाला. फाटकाची कडी, पहिल्यांदाच, लागली.

बाळानं अशी लाथ मारली की वैदेहीच्या हातातला पेला ओट्यावर आपटला.

८

बंगळूरच्या साहेबांनी विचारलं, ही पाटी परत का लावली? तिनं उत्तर दिलं, कुणीतरी अजून विचारत येतं. साहेब जुने जाणते होते. अशा पाट्या त्यांनी पाहिल्या होत्या, काढून पस्तावलेलेही पाहिले होते. त्यांनी ती राहू दिली.

पुढं गच्चीवर नवी टाकी बांधायला गवंडी आला तेव्हा म्हणाला, "मावशी, खालचा हौद रिकामा कशाला पाडून ठेवता? धुवून देतो की."

"रिकामा नाय त्यो," मुक्ताबाई म्हणाली, आणि त्याला चहा दिला.

पण ते नंतरचं. त्याच्या आधी, भर उन्हाळ्यात, भर दिवसा, वैदेहीला मुलगी झाली. नर्सनं बाळ पुसून बाहेर आणलं तशी मुक्ताबाईनं ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं.

"आजी, हळू! नाव काय ठेवायचं ते बारशाला ठरवा सावकाश."

"बारशाची वाट बघायला मला काय खूळ लागलंय?" मुक्ताबाईनं बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि अशी ओरडली की वॉर्डातल्या बाळंतिणी उठून बसल्या. "गोदावरी! गोदावरी मंदार! ऐकलं का सगळ्यांनी? गोदावरी!"

"अहो आजी, दवाखाना आहे हा!"

बाळानं नर्सकडं बघितलं, आजीकडं बघितलं, आणि भोंगा पसरला. त्यानंतर ते घरी गेलं, वाढलं, पण भोंगा काही आवरला नाही. भल्या सकाळी रडायचं, दुपारी तर हटकून. गल्लीत कुणाची झोप राहिली नाही. शेजारची लक्ष्मीबाई भांडायला आली आणि बाळाला मांडीवर घेऊन बसली. मंदार कामावरून आला की फाटकातूनच ऐकायचा, आणि बूट न काढता आत पळायचा.

"रडू दे गं," मुक्ताबाई सुनेला सांगायची. "दोन येळा रडली नाय तर मला जेवण जात नाय."

मुक्ताबाईच्या घराला उशिरा का होईना जे लाभलं, ते ऐकणाऱ्याच्या घरालाही लाभो, आणि असंच मोठ्यानं रडत येवो.